रक्तातील मेदाचा जमाखर्च



मागील पौष महिन्यातील गोष्ट. धुळ्याच्या बाजारपेठेत कापडाचा व्यापार करणारे, परंतु माझ्याप्रमाणेच पांझरेपलीकडे देवपुरात राहणारे एक जुने स्नेही सायंकाळी माझ्या औषधाच्या दुकानात आले आणि काही न बोलता त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. तो त्यांच्या बावीस वर्षांच्या चिरंजीवाच्या रक्ततपासणीचा अहवाल होता. विमा उतरवण्यासाठी केलेल्या त्या तपासणीत ‘ट्रायग्लिसराइड’ या शब्दासमोर ६१२ असा आकडा होता. निरोगी माणसात तो १५०च्या आत असावा लागतो. स्नेही म्हणाले, “भाऊ, मुलगा दारूला शिवत नाही, घरात अभक्ष्य येत नाही, अंगाने तर नुसता काडी. मग हे रक्तात आले कोठून?”

मला उत्तर ठाऊक होते, आणि म्हणूनच माझी मान खाली गेली. चेहऱ्यावर व पाठीवर मोठ्या गाठींसारखे मुरूम येत असल्यामुळे पर्युषणानंतर त्या मुलाला त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइन या औषधाच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. चिठ्ठी एका महिन्याची होती आणि तिच्या तळाशी ‘चार आठवड्यांनी लिपिड तपासणी करून दाखवणे’ असे स्पष्ट लिहिलेले होते. पुढे दिवाळीचा सीझन आला. मुलगा पेढीवर अडकला, चेहरा तर उजळू लागला होता, मग तपासणी कशाला? त्याच जुन्या चिठ्ठीवर पुढील दोन महिन्यांच्या कॅप्सूल माझ्या दुकानातून गेल्या. त्या मीच दिल्या. घरचा मुलगा आहे, एवढ्यावर मी नियम बाजूला ठेवला. त्या दिवशी मी स्नेह्यांची व मुलाची क्षमा मागितली. परंतु नुसती क्षमा मागून भागणार नव्हते; जे त्यांना समजावून सांगायला हवे होते ते अधिक घरांपर्यंत पोहोचावे, म्हणून या महिन्याचे सदर या विषयाला दिले आहे.

औषध कोणते व ते काय करते?

आयसोट्रेटिनॉइन व अ‍ॅसिट्रेटिन ही दोन औषधे ‘रेटिनॉइड’ या कुळातील आहेत. जीवनसत्त्व ‘अ’शी त्यांचे रासायनिक नाते आहे. पहिले मुख्यतः तीव्र मुरुमांसाठी वापरतात. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यता मिळाली. दुसरे मुख्यतः सोरायसिससारख्या, त्वचेवर जाड खवले धरणाऱ्या विकारासाठी देतात. दोन्ही औषधे गुणकारी आहेत. इतर उपाय थकल्यानंतरही यांनी अनेकांची त्वचा पूर्ववत केलेली आहे. चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडण्यापासून एखाद्या तरुणाला वाचवणे, किंवा हातांवरील खवल्यांमुळे गिऱ्हाइकासमोर कापड उलगडण्याचा संकोच वाटणाऱ्या व्यापाऱ्याला पुन्हा निर्धास्तपणे पेढीवर बसवणे, हे लहान काम नव्हे.

या लाभाच्या समोरच्या बाजूला जो खर्च पडतो, त्यातील एक महत्त्वाची बाब म्हणजे रक्तातील मेदाची वाढ. औषधाच्या अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकानुसार आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या सुमारे चारांपैकी एका रुग्णाचे ट्रायग्लिसराइड वाढते, सुमारे १५ टक्क्यांमध्ये ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि सुमारे ७ टक्क्यांमध्ये एकूण कोलेस्टेरॉल वाढते. अ‍ॅसिट्रेटिनच्या बाबतीत हे प्रमाण अधिक आहे. सुमारे ६६ टक्के रुग्णांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळले आणि सुमारे ३३ टक्क्यांचे कोलेस्टेरॉल.

हे घडते कसे, ते आपल्या व्यवहारातील दृष्टान्ताने सहज समजेल. यकृत हे मेदाचे गोदाम. तेथून मेदाने भरलेल्या सूक्ष्म गाड्या रक्तात सोडल्या जातात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर बसलेली एक पाचक द्रव्यांची फळी हमालांसारखी तो माल उतरवून स्नायूंना पोहोचवते. रेटिनॉइडमुळे गोदामातून अधिक गाड्या सुटतात आणि हमालांचे हात बांधणारे एक प्रथिनही वाढते. बाजार समितीच्या आवारात माल भरपूर आला आणि हमाल मात्र अर्धेच हजर असले तर जशी गाड्यांची रांग लागते, तशीच रांग रक्तात लागते. अहवालातील मोठा आकडा म्हणजे ही रांग होय.

ही वाढ बहुधा पहिल्या चार ते आठ आठवड्यांत दिसून येते आणि औषध बंद केल्यावर साधारणतः तेवढ्याच अवधीत ओसरते. म्हणूनच तपासणीची वेळ महत्त्वाची. उपचार सुरू करण्यापूर्वी एकदा, त्यानंतर पहिल्या एक-दोन महिन्यांत, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, अशी तपासणी करून घ्यावी. आरंभीची तपासणी टाळू नये. मूळ शिल्लक ठाऊक नसेल तर मागाहून झालेली वाढ कशावरून मोजणार?

आकडा किती झाला म्हणजे काय करावे?

निर्णय नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच. तथापि वाचकांना साधारण दिशा ठाऊक असावी. ट्रायग्लिसराइड १५०पर्यंत सामान्य, २००च्या पुढे वाढलेले आणि ५००च्या पुढे अतिशय वाढलेले समजतात. आकडा थोडा वाढला असेल तर औषध चालू ठेवून आहारात बदल व पुन्हा तपासणी, असा मार्ग बहुतेक वेळा घेतला जातो. तो ५००च्या जवळ जाऊ लागला की मात्रा कमी करणे, मेद उतरवणारे फेनोफायब्रेटसारखे औषध जोडणे किंवा काही काळ कॅप्सूल थांबवणे यांचा विचार होतो. कोलेस्टेरॉल वाढले असल्यास स्टॅटिन गटातील औषध दिले जाते. ही जोडऔषधे स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. काहींचे एकमेकांशी पटत नाही आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

८०० ते १,०००च्या पुढे गेलेला आकडा मात्र धोक्याचा आहे. त्यामुळे स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते. पोटाच्या वरच्या भागात असह्य वेदना, ती पाठीकडे सरकणे आणि वारंवार उलट्या ही लक्षणे दिसली तर आम्लपित्त समजून घरी बसू नये. कॅप्सूल बंद करून रात्र असो वा दिवस, तत्काळ रुग्णालय गाठावे आणि कोणते औषध चालू आहे ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

“आमचा मुलगा तर काडी आहे”

माझ्या स्नेह्यांचा हा प्रश्न अनेक घरांतील आहे. अंगावर मांस नाही म्हणजे रक्तात मेद नाही, ही समजूत चुकीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांवरून काढलेला शरीरभाराचा निर्देशांक दोघांचाही एकच होता, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसूनही आतून मेद बाळगून असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले.

आपल्या राज्याचा समावेश असलेली आणखी एक पाहणी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंडीगढ येथे झालेल्या अभ्यासाचे मेदाविषयीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात २९.५ टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले, ७२.३ टक्क्यांचे एचडीएल कमी, आणि ७९ टक्क्यांच्या मेदाच्या आकड्यांत काही ना काही बिघाड आढळला. म्हणजे रेटिनॉइडची पहिली कॅप्सूल पोटात जाण्यापूर्वीच आपल्यापैकी अनेकांची वही थोडी तोट्यात असते.

आकडा कोणाचा?

आता मी या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. अहवाल पाहून स्नेह्यांच्या घरी दोन मते झाली. आजी म्हणाल्या, औषध ‘गरम’ पडले, ते कायमचे बंद करा. मुलगा म्हणाला, चेहरा सुधारतो आहे, अहवालाकडे पाहूच नका. दोन्ही मते मला अपुरी वाटली. एकाने औषध टाकले जात होते, दुसऱ्याने अहवाल.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे फार बोलका आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेताना ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढले होते आणि ज्यांचे वाढले नव्हते, अशा दोन्ही गटांतील लोकांना त्यांनी सुमारे चार वर्षांनंतर पुन्हा तपासले. त्यांच्या आई-वडिलांचीही तपासणी केली. ज्यांचा आकडा त्या वेळी वाढला होता त्यांच्यात औषध केव्हाच संपलेले असूनही मेदाचा बिघाड, पोटाभोवतीची चरबी आणि इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण अधिक आढळले. त्यांच्या आई-वडिलांपैकी एकाचे तरी ट्रायग्लिसराइड वाढलेले असण्याचे प्रमाणही अधिक होते.

याचा अर्थ असा की, औषधाने तो आकडा नेहमी नव्याने निर्माण केलेला नसतो. पुष्कळदा घराण्यात आधीपासून दडलेली प्रवृत्ती त्याने उघडकीस आणलेली असते. मी स्नेह्यांना म्हटले, “मुलाचा अहवाल वाचलात, आता तुमचा काढा.” ते हसले. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी लिपिडची तपासणी कधी केलेलीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा स्वतःचा आकडा आला, ३४२; आणि सोबत साखरही वाढलेली. त्यांना ना मुरूम, ना कॅप्सूल. मुलाच्या त्वचेने वडिलांच्या हृदयाची सूचना दिली होती. घरात एकाचा आकडा रेटिनॉइडने वाढला तर आई, वडील व भावंडे यांनीही एकदा तपासून घ्यावे, हीच माझी आजची मुख्य विनंती आहे.

आपला आहार, आपली व्रते

आपल्या घरांत मद्य व मांस नसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तुपाइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक, वाटा साखर व मैद्याचा असतो. पेढीवरील चहाचाच हिशेब करा. दिवसाला आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा सुमारे पाच ग्रॅमचा. म्हणजे दिवसाला ८० ग्रॅम आणि महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर, तीही मिठाई सोडून. उसाचा रस, आमरस, शिकरण, शेव-फरसाण व तुपात बुडवलेली बाटी यांचा हिशेब वेगळा. उपचाराच्या काळात गोड व तळलेले यांवर ठाम मर्यादा घालावी. दादरची किंवा बाजरीची भाकरी, मुगाचे वरण व बिनतळलेल्या भाज्या हे आपले खानदेशी जेवण येथे उत्तम पथ्य आहे. रोज अर्धा तास झपाझप चालावे. मात्र एकाएकी जड व्यायाम सुरू करू नये, कारण या औषधाच्या काळात स्नायू सहज दुखावतात.

या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्याव्यात. रिकाम्या पोटी त्या नीट शोषल्या जात नाहीत. त्यासाठी तुपाची धार वाढवण्याची गरज नाही, नेहमीचे मध्यम तेल-तुपाचे जेवण पुरते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या किंवा दुपारच्या जेवणाबरोबर वेळ ठरवून घ्यावी. आयंबिलाच्या दिवशी अन्नात स्निग्धांश नसल्याने औषध कमी शोषले जाते. उपवासाच्या दिवशी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. अठ्ठाईसारखी दीर्घ तपस्या करावयाची असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी. पर्युषण तोंडावर आले असताना उपचार त्यानंतर सुरू करणे बहुधा सोयीचे ठरते. तपासणीही तपस्येच्या दिवसांत किंवा पारण्याच्या मिष्टान्नानंतर लगेच करू नये. नेहमीच्या आहाराच्या दिवसांत, बारा तास उपाशी राहून करावी. सूर्यास्तापूर्वी जेवून सकाळी नवकारशीपर्यंत काही न घेणाऱ्याचे हे बारा तास अनायासे भरत येतात. रक्त देईपर्यंत थोडे थांबले की झाले.

आणखी दोन-तीन बाबी आपल्या घरांसाठी विशेष आहेत. या कॅप्सूलचे आवरण सामान्यतः जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी कॅप्सूल गुपचूप टाकून देऊ नये किंवा फोडून घेऊ नये. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. सोरायसिसमध्ये प्रकाशोपचार व इतर गोळ्या, मुरुमांमध्ये इतर औषधे, असे पर्याय तपासता येतात. मेद कमी करण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या ओमेगा-३च्या बहुतेक कॅप्सूल माशांच्या तेलाच्या असतात. शेवाळापासून काढलेले तेलही मिळते. आपली जवसाची चटणी आहारात जरूर असावी, पण तिच्यातील मेदाम्लाचे शरीरात अपेक्षित रूपांतर अल्पच होते. म्हणून ती औषधाची जागा घेऊ शकत नाही. अ‍ॅसिट्रेटिन घेणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, आसव-अरिष्टांतील मद्यार्कही टाळावा, कारण मद्यार्काच्या सान्निध्यात त्याचे शरीरात वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते. जीवनसत्त्व ‘अ’च्या वेगळ्या गोळ्या सोबत घेऊ नयेत.

दोन कडक सूचना

विषय मेदाचा असला तरी हे सांगितल्याशिवाय लेखणी खाली ठेवणे अयोग्य ठरेल. ही औषधे गर्भातील बालकाला गंभीर व्यंग आणतात. लग्नापूर्वी चेहरा स्वच्छ व्हावा म्हणून अनेक मुलींना मुरुमांची औषधे दिली जातात. तेव्हा आईने व मुलीने संकोच सोडून डॉक्टरांशी बोलावे. आयसोट्रेटिनॉइन संपल्यावर किमान एक महिना आणि अ‍ॅसिट्रेटिन संपल्यावर किमान तीन वर्षे गर्भधारणा होता कामा नये. एकाची स्ट्रिप घरातील दुसऱ्याने कधीही वापरू नये. याच कारणाने महावीर जन्मकल्याणकाच्या रक्तदान शिबिरातही, आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर एक महिना व अ‍ॅसिट्रेटिन बंद केल्यावर किमान तीन वर्षे रक्तदान करू नये. ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते.

आता त्या मुलाविषयी. त्वचारोगतज्ज्ञांनी कॅप्सूल चार आठवडे थांबवल्या. गोड चहा, मिठाई व फरसाण बंद झाले. पुढील अहवालात आकडा २३८ आला. मग अर्ध्या मात्रेने उपचार पुन्हा सुरू झाला, दर महिन्याला रक्त तपासले गेले आणि आकडा २५०च्या पुढे गेला नाही. आषाढात उपचार पूर्ण झाला. त्याचा चेहरा आज स्वच्छ आहे. वडिलांचेही औषध सुरू झाले असून सकाळी दोघे बरोबर फिरायला जातात.

माझ्या दुकानातही एक बदल झाला. या कुळातील औषधाची चिठ्ठी आली की मी तारीख पाहतो आणि ताजा अहवाल विचारतो. तो नसेल तर औषध देत नाही, मग समोर कितीही जवळचा माणूस असो. परवा एक परिचित रागावून निघून गेले. दोन दिवसांनी ते परत आले, ते अहवाल घेऊनच.